केस परत आल्यावर : वपन, जट आणि विंचरायला शिकण्याचा इतिहास

(जानेफळ, ता. मेहकर, जि. बुलढाणा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

समोर आयाबाया जास्त दिसतायत, मागे भिंतीला टेकून काही पुरुष मंडळीही उभी आहेत. त्यांनी जायचं काही कारण नाही. विषय बायकांच्या केसांचा असला तरी या गोष्टीत पुरुष पहिल्यापासून शेवटपर्यंत आहेत.

केस हा काही हलका विषय नाही, हे बुलढाणा जिल्ह्याला तरी सांगावं लागू नये. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत काय झालं ते तुम्ही पाहिलंय. आधी डोक्याला खाज, मग हात लावला की केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं, पाण्याचे आणि रक्ताचे नमुने गेले, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्या दिवसांत मुली कॉलेजला जाईनात, सोयरिकी अडल्या. पुढे बऱ्याच जणांचे केस परत आले, आणि केस परत आले तशी बातमीही संपली.

माझं आजचं बोलणं बातमी संपते तिथून पुढचं आहे. केस जाण्याचा इतिहास लिहिला जातो. केस कापण्याचाही लिहिला जातो, त्याचे फोटो निघतात, सत्कार होतात. पण ते परत यायला लागल्यावर त्यांचं काय करायचं, हे त्या बाईला कोणी शिकवलं? तो इतिहास फारसा कोणी लिहीत नाही.

मला हा प्रश्न पडला तो स्वतःच्या डोक्यामुळे. माझे केस जन्माचे कुरळे. लहानपणी 'केस आहेत की घरटं' असं ऐकून मोठी झाले. नोकरी लागल्यावर पहिलं काम काय केलं, तर शहरातल्या एका पार्लरमध्ये जाऊन ते सरळ करून घेतले. पाच वर्षं दर आठ-दहा महिन्यांनी करत राहिले. मग मुळाशी माझे कुरळे, खाली ते औषधाचे सरळ, आणि दोन्हींच्या सांध्यावर केस तुटायला लागले. शेवटी सरळ भाग सगळा कापून टाकला. डोक्यावर उरले दोन बोटं केस. आणि मग कळलं, की वयाच्या पस्तिशीत मला स्वतःचे केस धुता येत नाहीत, विंचरता येत नाहीत. जे माझे होते त्यांच्याशी माझी कधी ओळखच झाली नव्हती.

मी इतिहास शिकवते. तेव्हा सवयीने मागे वळून शोधायला लागले, की आपल्याकडे हे आधी कोणाच्या वाट्याला आलं होतं?

तर सुरुवात आपल्या जिल्ह्यापासूनच करू. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे इथे सरकारी कचेरीत नोकरीला होते. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीलाच झोडपायला घेतलं. त्याला ताराबाईंनी उत्तर दिलं ते 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकाने, १८८२ मध्ये. नवरा मेला की न्हावी येतो आणि बाईच्या डोक्यावरचे केस उतरवतो, यावर त्या त्यात पुरुषांना थेट जाब विचारतात. लक्षात घ्या, ताराबाई मराठा घरातल्या. केशवपनाची रूढी मुख्यतः ब्राह्मणांची आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही जातींची. पण बुलढाण्यात बसलेल्या या बाईला दुसऱ्या जातीतल्या बाईच्या डोक्यावरचा वस्तरा स्वतःच्या डोक्यावर फिरल्यासारखा लागला.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ. केशवपन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच प्रसंग येतो. नवरा गेला, आक्रोश चाललाय, न्हावी बोलावलाय. ह. ना. आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये यमूच्या वाट्याला आलेला तो प्रसंग वाचून पिढ्यान्‌पिढ्या वाचक रडले. पण केस एकदा काढले म्हणून थांबत नाहीत, ते महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे न्हावी परत येणार. ठरलेल्या दिवशी, घराच्या मागच्या दाराने, आयुष्यभर. विशीत विधवा झालेली बाई साठीपर्यंत जगली तर चाळीस वर्षं. रडण्याचा दिवस एक, आणि मुकाट्याने मान खाली घालून बसण्याचे दिवस शेकड्यांनी.

याच ठिकाणी १८९० मध्ये मुंबईत एक विलक्षण गोष्ट घडली. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक, गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी करणारे. त्यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी एकत्र आली आणि विधवांची डोकी भादरायची नाहीत असं त्यांनी ठरवलं. हा त्यांच्या पोटाचा धंदा होता, हे विसरू नका. महिन्याचं बांधलेलं गिऱ्हाईक त्यांनी सोडलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. त्याच काळात आगरकर 'सुधारका'तून या रूढीवर लिहीत होते. लेखणीचं मोल आहेच, पण माझ्या मते त्या नाभिकांचं मोल काकणभर जास्त.

पण आपला प्रश्न पुढचा आहे. न्हावी आला नाही, मग? डोक्यावर केस यायला लागले, मग?

इथे मला भेटल्या पार्वतीबाई आठवले. धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांची ही धाकटी बहीण, कोकणातल्या देवरुखची. मोठी बहीण गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झालेली. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, तिथली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढे १८९३ मध्ये तिने कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि मुरुडकरांनी कर्व्यांना वाळीत टाकलं. पार्वतीबाईंचा मार्ग वेगळा. त्या विसाव्या वर्षी विधवा झाल्या, पदरात एक मुलगा. रूढीप्रमाणे केस गेले. मग पुण्याला बहिणीकडे आल्या, मोठ्या वयात शिकल्या आणि हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायला लागल्या. लग्न केलं नाही. वेष सोवळ्या विधवेचाच ठेवला. आणि १९१२ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी वपन थांबवलं. 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्यांनी हे लिहून ठेवलंय.

चाळिशी ओलांडल्यावर, बघा. विशीत केस ठेवले असते तर लोक म्हणाले असते, पुन्हा लग्न करायचंय हिला. चाळिशीत ठेवले तर म्हणणार, आता या वयात नटायचंय का? पार्वतीबाईंचं काम म्हणजे चारचौघांत उभं राहून बोलणं, सनातनी घरांच्या ओसरीवर जाऊन पैसे मागणं. डोकं तुळतुळीत असलेली बाई त्या ओसरीवर मान्य होती. लांब केसांची सवाशीणही मान्य होती. आणि मधली? बोटभर केस उभे राहिलेली, ना इकडची ना तिकडची?

आपण साधा हिशोब करू. महिन्याला एक सेंटिमीटर. कान झाकायला वर्ष जाणार. मागे बांधता येईल असा बुचडा व्हायला दोन-अडीच वर्षं. तेवढे दिवस पदराखालून सगळं दिसणार. १९१८ मध्ये पार्वतीबाई इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या, १९२० ला परतल्या. या प्रवासाचं कौतुक सगळे करतात आणि करायलाच हवं. पण मला विचाराल तर १९१२ ते १९१५ हा त्यांचा प्रवास काही कमी लांबीचा नव्हता. शिवाय विसाव्या वर्षानंतर ज्या बाईने कंगवा हातात घेतलेला नाही, तिला फणेरपेटी उघडून पुन्हा पहिल्यापासून शिकायचं होतं.

आता दुसरी बाजू. ती आपल्या जास्त जवळची आहे, म्हणून जरा सावकाश बोलते.

ब्राह्मण विधवेवर केस काढायची सक्ती होती. आणि बहुजन, दलित घरातल्या कितीतरी मुलींवर केस न काढायची सक्ती होती. केसात जट दिसली की देवीचं बोलावणं आलं म्हणायचं. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात ती सौंदत्तीच्या यल्लम्माची जट. मुलगी देवीला सोडायची, जोगतीण करायची. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवरून आलेला 'जोगवा' हा २००९ चा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, त्यातल्या सुलीचं आयुष्य केसातल्या जटेनेच फिरतं. देवदासी सोडण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ ला कायदा झाला, कर्नाटकात १९८२ ला झाला. कायद्याने मुली सोडणं गुन्हा ठरला, पण जटेची भीती राहिली. आपल्या भागात देवदासीची प्रथा तशी नाही, तरी जट कापली तर घरावर कोप होईल, माणूस दगावेल, ही भीती मी इथेही ऐकली आहे.

जट होते कशी? यात देवी नाही. आपले रोज पन्नास ते शंभर केस गळतात. विंचरलं की ते फणीत येतात. बाळंतपणात, लांबलेल्या आजारपणात, घरात कोणी गेल्यावर महिनोन्‌महिने विंचरलं नाही, तर गळलेले केस न गळलेल्यांत अडकून बसतात. त्यात तेल, घाम, धूळ. गुंता घट्ट होतो आणि एके दिवशी दोरखंडासारखी जट तयार. मग कोणीतरी म्हणतं, हात लावू नका. हात न लावल्यामुळे झालेली गोष्ट, आणि तिच्यावर उपाय काय, तर पुन्हा हात न लावणं.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जट काढायचं काम वर्षानुवर्षं करतायत. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक बायकांच्या जटा काढल्या आहेत. त्या बाईशी बोलायचं, घरच्यांशी बोलायचं, नवरा-सासू तयार व्हायची वाट बघायची. कधी महिने जातात. कात्री चालवायला मग तास-दोन तास.

आता मी माझ्या मावशीबद्दल सांगते. नाव, गाव घेत नाही, तिची परवानगी इतकीच आहे. तिला तिसऱ्या बाळंतपणानंतर जट झाली. ती चौदा वर्षं होती, कमरेच्या खाली गेली होती. भिजली की दोन-दोन दिवस वाळायची नाही, मान दुखायची, कुशीवर झोपता यायचं नाही. मंगळवारी, शुक्रवारी बायका तिच्या पाया पडायला यायच्या. एरवी तिच्या हातचं पाणी घेताना नाक मुरडणाऱ्या बायका. हेही लक्षात ठेवा, जटेने तिला थोडा मान दिला होता. आम्ही भाच्यांनी तीन वर्षं समजूत घातली, शेवटी कापली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढले. आणि आम्ही आपापल्या गावी निघून गेलो.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. म्हणाली, "बाई, मले इचरताच येत नाई वं. फनी कशी धराव, तेच इसरली मी."

मंडळी, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चौदा वर्षं तिने कंगवा धरला नव्हता. डोक्याची कातडी नाजूक झालेली, कोंडा, बारीक पुरळ. शाम्पूची पुडी फोडून सरळ डोक्यावर ओतली होती. बारीक दातांची फणी मुळाशी घालून खाली ओढत होती. म्हणजे मी करत होते तेच! मी पार्लरमधून आलेली, ती देवीच्या जटेतून सुटलेली, आणि दोघींची चूक एकच.

ही चूक जगभर झाली आहे. अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांचे केस निसर्गतः फार दाट वळणाचे. गुलामगिरीत आणि नंतरही त्यांना शिकवलं गेलं, की गोऱ्यांसारखे सरळ केस म्हणजे नीटनेटके केस. मग गरम लोखंडी कंगवे आले, मग 'रिलॅक्सर' नावाची रसायनं आली. त्यातलं एक म्हणजे आपण ज्याने साबण करतो तोच कॉस्टिक सोडा. तो केसाच्या आतले जोड तोडतो आणि तो केस परत पहिल्यासारखा होत नाही. नवा येतो तोच मूळचा येतो. म्हणून जिला मागे फिरायचं तिला कापावंच लागतं. १८६७ मध्ये लुईझियानात जन्मलेल्या मॅडम सी. जे. वॉकर, आईवडील गुलामगिरीतून सुटलेले, स्वतः धुणं धुणाऱ्या. त्यांचे केस गळायला लागले, त्यातून त्यांनी डोक्याच्या निगेची औषधं काढली, मोठा कारखाना उभा केला आणि हजारो काळ्या स्त्रियांना घरोघर जाऊन केसांची निगा शिकवायचं काम दिलं. त्यांच्या धंद्यावर टीकाही झाली, पण एक गोष्ट त्यांनी ओळखली होती : बाटली विकून भागत नाही, बाईला बाईजवळ बसून शिकवावं लागतं. १९६० नंतर तिथे आपले केस आहेत तसे मिरवायची चळवळ झाली, आणि नैसर्गिक केसांवरून नोकरीत, शाळेत भेदभाव करू नये असा पहिला राज्य कायदा कॅलिफोर्नियात झाला तो २०१९ मध्ये. म्हणजे अगदी परवा.

तर मी आणि मावशी दोघी शिकलो. शिकवलं कोणी? माझ्या आईने आणि शेजारच्या एका म्हाताऱ्या काकूंनी. काय शिकवलं ते सांगते, कारण मला वाटतं इतिहासाच्या व्याख्यानात हेही यायला हवं. शिकेकाई उकळून, गाळून, कोमट करून घ्यायची, चोथा केसांत राहू द्यायचा नाही. रिठा बेतानेच, नाहीतर केस कोरडे होतात. आदल्या रात्री तीळ किंवा खोबऱ्याचं तेल, बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. पुसायला टॉवेल नको, जुनं मऊ सुती लुगडं. ओल्या केसात बारीक फणी घालायची नाही. आधी बोटांनी गुंता सोडवायचा, मग मोठ्या दातांचा कंगवा, आणि सुरुवात टोकाकडून. टोक सुटलं की थोडं वर, मग आणखी वर. मुळापासून ओढलं की गुंता खाली जाऊन घट्ट होतो. कुरळ्या केसांना तर हे दुप्पट लागू. जवस उकळून निघणारा बुळबुळीत रस केसांना लावतात, तो आता शहरात बाटलीत विकायला आलाय. इथे तुमच्या घरात जवस डब्यात पडलेले असतील. आणि जट काढल्यावर डोक्याला पुरळ, खाज असेल तर घरगुती काही न करता आधी डॉक्टर.

मावशीला आठ महिने लागले. तेवढे दिवस तिने पदर डोक्यावरून ढळू दिला नाही. लोक विचारायचे, देवीचा कोप झाला का? ती म्हणायची, अजून तरी नाही. एक दिवस तिचा घाबरून फोन. "पोरी, केस जाऊन राह्यले माये. फनीत आले." आई शेजारी होती, तिने फोन घेतला आणि हसत सुटली. म्हणाली, "अगं, ते गुंतवळ आहे. सगळ्यांचंच निघतं." चौदा वर्षं मावशीचा एकही केस गळलेला तिने पाहिला नव्हता, कारण गळलेला प्रत्येक केस जटेतच राहत होता. केस गळणं ही चांगली खूण आहे, हे तिला आईने पटवलं.

ताराबाईंनी प्रश्न विचारला, नाभिकांनी वस्तरा खाली ठेवला, पार्वतीबाईंनी स्वतःच्या डोक्यावर तीन वर्षं काढली. कोणाचा वस्तरा, कोणाची देवी, कोणाचं पार्लर. प्रत्येक वेळी बाईचे केस दुसऱ्याच्या मालकीचे होते. ते सोडवायचा दिवस एक असतो आणि त्या दिवशी आपण सगळे हजर असतो. सांभाळायला शिकायचे दिवस पुष्कळ असतात, आणि तेव्हा ती एकटी असते. म्हणून माझं एवढंच मागणं आहे : तुमच्या गल्लीत कोणाची जट निघाली, कोणाचे आजारपणात गेलेले केस परत येतायत, कोणी पार्लरचं कापून आलं, तर टाळ्या वाजवून परत फिरू नका. कंगवा घेऊन तिच्यामागे पाटावर बसा.

मावशीचं काय झालं? तिचे केस आता खांद्याच्या खाली आलेत, पांढरे-काळे. ती रोज विंचरते आणि गुंतवळ भिंतीतल्या खोबणीत जमवून ठेवते. मागच्या महिन्यात केसांवर फुगे देणारा गल्लीत आला होता. तिने गुंतवळ दिलं आणि नातवासाठी दोन फुगे घेतले. एक लाल, एक पिवळा. फोन करून मला सांगितलं.

प्रश्न असतील तर विचारा. मागची पुरुष मंडळी आधी विचारतील तर बरं.